दुसऱ्याच्या नावावर

परक्या मुलखातल्या माणसाचा रोजचा संसार रत्नागिरीत कसा चालतो, याची सर्वांत लांबलचक सरकारी नोंद आहे ती एका राजाच्या घराची. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या राजवाड्यातून उचललं, काही महिने मद्रासेत ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये जहाजाने रत्नागिरीला आणून उतरवलं. सोबत राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले, आणि तीन मुली. तिसरी मद्रासेतच जन्मलेली, अगदी तान्ही. चौथी पुढच्या वर्षी रत्नागिरीत झाली. राजाचं वय तेव्हा सत्तावीस होतं. तीस वर्षांनी तो इथेच वारला.

आज पर्यटक थिबा पॅलेस पाहतात, अर्धगोल लाकडी खिडक्यांचे फोटो काढतात आणि थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी पाहतात. पण पॅलेस बांधून झाला १९१० साली. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिलं, आणि परदेशात राहणं म्हणजे काय असतं ते कळतं त्या चोवीस वर्षांत. बाजारहाट कोण करणार, दुकानदाराशी कोणत्या भाषेत बोलणार, मंडालेहून आलेले नोकर एकेक करून परत गेल्यावर घरात कोण राबणार, मुलींना कोण शिकवणार, दुखलंखुपलं तर कोणाला बोलवायचं, असे हे प्रश्न. जूनमध्ये समुद्र खवळला की मुंबईच्या आगबोटी बंद व्हायच्या. मग जे काही हवं ते घाट उतरून येईल तेव्हा. रत्नागिरी निवडली होती ती याच आडबाजूपणासाठी.

राजावर देखरेखीला एक सरकारी अधिकारी असे. कुटुंबाची प्रत्येक मागणी त्याच्यामार्फत मुंबई सरकारकडे आणि गरज पडली तर थेट हिंदुस्थान सरकारकडे जायची. खर्च, नोकर, घराची दुरुस्ती, मुलींच्या लग्नाच्या खटपटी, सगळ्यावर पत्रव्यवहार आणि शेरे. सुधा शहा यांनी ‘द किंग इन एक्झाइल’ हे २०१२ साली आलेलं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांना या दप्तरातून एका घराचा जवळजवळ संपूर्ण संसार उभा करता आला. सरकारी कागद एरवी किती रुक्ष असतात! इथे मात्र एका बापाची तगमग त्या कागदांतून दिसत राहते.

तनखा पुरायचा नाही. हिशेब ठेवायची सवय राजाला कधी लागलीच नव्हती. मग सोबत आणलेलं जडजवाहीर बाहेर निघू लागलं. ज्याला आपल्या वस्तूचा इथला भाव माहीत नाही, ज्याला चार पेढ्या फिरून चौकशी करता येत नाही आणि ज्याची नड सगळ्या गावाला माहीत आहे, त्याच्या माणकाला काय भाव आला असेल? राजाची आणखी एक तक्रार शेवटपर्यंत राहिली. शरणागतीच्या वेळी कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ताब्यात आपण मौल्यवान रत्नं विश्वासाने दिली, त्यांत ‘न्गा मौक’ हे प्रसिद्ध माणिकही होतं, आणि ती परत मिळाली नाहीत, असं तो वारंवार लिहीत राहिला. स्लेडन केव्हाच वारला होता. पावती कुठेच नव्हती.

मुली वाढल्या त्या रत्नागिरीच्या हवेत, मराठी आणि हिंदुस्थानी कानावर घेत. लग्नाचं वय झालं तरी राजाच्या मनाजोगता राजवंशी वर मिळेना, आणि सरकारने सुचवलेली स्थळं त्याला पटेनात. थोरल्या राजकन्येचा जीव जडला वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या मराठी माणसावर. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचं नाव टूटू. राजाचं १९१६ च्या डिसेंबरात निधन झालं. धाकटी राणी त्याआधीच, १९१२ साली गेली होती. दोघांच्या शवपेट्या वर्षानुवर्षं दफनाविना राहिल्या, कारण राणी सुपयालतला पतीचा देह ब्रह्मदेशात न्यायचा होता आणि सरकार परवानगी देत नव्हतं. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारनेच रत्नागिरीत दफन उरकलं आणि मग उरलेल्या कुटुंबाला रंगूनला जाऊ दिलं. मेलेल्या माणसाला घरी नेणं ही परदेशातल्या संसारातली सगळ्यांत अवघड बाब. ती तेव्हाही होती, आजही आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

थोरली राजकन्या रंगूनला गेली आणि लेकीला घेऊन परत आली. तिचं माणूस इथे होतं. १९४७ साली ती रत्नागिरीतच वारली. टूटूने इथल्याच एका मराठी माणसाशी लग्न केलं, मराठी बोलत, गोवऱ्या थापत, अंगमेहनतीवर संसार ओढला आणि २००० साली डोळे मिटले. तिची मुलंबाळं रत्नागिरीकरच आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या थडग्याचं दर्शन घ्यायला इथे येऊन गेले. राजाच्या नातीला या गावात जागा मिळाली ती सरकारी शेऱ्याने मिळाली नाही. नवरा, शेजार, वाणी, गिऱ्हाईक अशी इथली माणसं तिच्या बाजूला उभी राहिली म्हणून मिळाली.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण आज रत्नागिरीत हजारो परदेशी माणसं राहतात आणि त्यांना परदेशी म्हणायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे उभं राहावं. ट्रॉलर लागतात, टोपल्या उतरतात, बर्फाचा भुसा उडतो, तांडेल ओरडत असतो. जाळी ओढणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या खलाशांत नेपाळी चेहरे ठायी ठायी दिसतात. पर्ससीनच्या एका नौकेला पंचवीस-तीस माणसं लागतात आणि गावातली पोरं आता खलाशी व्हायला तयार नाहीत. आंब्याच्या बागांतही तेच. दिवाळीनंतर नेपाळी कुटुंबं बागेत येतात, फवारणीचे पंप पाठीवर घेतात, मोहोर धरल्यापासून राखण करतात, रात्री वानरं आणि चोर हाकलतात, एप्रिल-मेमध्ये कलमांवर चढून आंबा उतरवतात, पेट्या भरतात आणि पाऊस लागायच्या आत निघून जातात. वाशीच्या बाजारात हापूसच्या पहिल्या पेटीची पूजा होते, फोटो छापून येतो. ती पेटी बागेत भरणारा माणूस पश्चिम नेपाळातल्या एखाद्या गावचा असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

या माणसांना इथे राहायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची, हिंडण्याफिरण्याची मुभा दिलेली आहे. आपल्या देशात इतका मोकळा परदेशी क्वचितच सापडेल. राजा थिबाकडे कागद ढीगभर होते आणि मोकळीक कणभर नव्हती. नेपाळी खलाशाची गोष्ट नेमकी उलटी आहे. सरहद्द तो कोणाला न विचारता ओलांडतो आणि अडतो तो रत्नागिरीतल्या खिडकीवर.

त्याच्याजवळ एकच खरा कागद असतो, त्याच्या देशाचं नागरिकता प्रमाणपत्र. तो त्याला नुसतं ‘नागरिकता’ म्हणतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं, घडीवर विरलेलं, कोपऱ्यात जुना काळापांढरा फोटो आणि बोटांचे ठसे. लिपी देवनागरीच, त्यामुळे इथल्या कारकुनाला ते वाचता येतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. जन्मसाल लिहिलेलं असतं २०५५. समोर उभा असलेला तरणाबांड पोरगा आणि साल अजून उजाडायचं आहे! नेपाळात विक्रम संवत चालतो आणि तिथलं नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला लागतं. म्हणजे २०५५ हे आपलं १९९८-९९. संवत आपल्याला काही परका नाही. गुजराती पेढ्यांत दिवाळीला चोपडीपूजन होतं ते त्याच संवताच्या हिशेबाने, फक्त त्यांचं वर्ष कार्तिकात बदलतं. तरीही नेमका महिना आणि तारीख बसवायला तक्ता लागतो. तो नसला की कारकून अंदाजाने एक तारीख टाकतो. पुढे मोबाइलवाल्याकडे दुसरी पडते, दवाखान्याच्या केसपेपरवर तिसरी. एकाच माणसाचे तीन जन्म होतात आणि प्रत्येक नव्या खिडकीवर त्याला खोटा ठरवायला एक कागद तयार असतो.

आधारचं पाहा. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी रहिवाशाला आधार काढता येतो, नेपाळी माणसाला तो नागरिकतेच्या आधारावर मिळू शकतो आणि त्याची मुदत दहा वर्षांची असते. खलाशाला हे जमण्यासारखं आहे, कारण तो ऑगस्ट ते मे इथे असतो. बागेत पहिल्यांदाच आलेल्या गड्याचे मात्र १८२ दिवस भरतात न भरतात तोच निघायची वेळ होते, आणि ते दिवस ऐन आंबा काढणीचे. त्या दिवसांत कोणता मालक त्याला केंद्रावर रांगेत उभं राहायला पाठवेल? परिणाम एकच होतो. सिमकार्ड शेठच्या नावावर, खोलीचं वीजबिल शेठच्या नावावर, औषधाची उधारी शेठच्या नावावर. माणूस स्वतःचा, नाव दुसऱ्याचं.

पैशाचंही तसंच. बागमालकाकडे किंवा बोटमालकाकडे एक वही असते. दरेकाला एक पान. वर नाव, बरेचदा नुसतं पहिलंच. खाली तारखा, आणि समोर उचल, किराणा, रिचार्ज, डॉक्टर, ‘घरी पाठवले’. हंगाम संपला की खाली रेघ मारून बाकी काढायची आणि तेवढी रक्कम हातात द्यायची. गडीच सांगतात की पैसे तुमच्याकडेच राहू द्या. त्यांना ठेवायला दुसरी जागा नाही आणि आगगाडीच्या दोन-तीन दिवसांच्या प्रवासात रोकड जवळ बाळगणं धोक्याचं. अशा वह्या चोख ठेवणारे मालक रत्नागिरीत पुष्कळ आहेत, हे मी मनापासून लिहितो. पण वही एकाच बाजूला असते. गडी निरक्षर असला तर त्याच्याकडे काय असतं? आठवण. मालक भला निघाला तर आठवण पुरते. नाही निघाला तर हातात टेकवले तेवढे घ्यायचे आणि पावसाच्या आत गाडी धरायची. भांडायला थांबायचं कुठे आणि कोणाकडे?

नोटांनी तर या लोकांना फार छळलं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळातल्या घरोघरी ट्रंकेत भारतात कमावलेल्या नोटा पडून होत्या. त्या बदलून देण्याचा प्रश्न दोन देशांच्या बँकांमध्ये वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. मग डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट बाळगायलाच बंदी केली. त्या बंदीनंतर साठ हजारांची हंगामाची कमाई कायदेशीर न्यायची तर शंभराच्या नोटांची सहा पुडकी कमरेला बांधून न्यावी लागायची! सीमेवर अडवणारा कोण असेल, कोणत्या बाजूचा असेल, याचा नेम नसायचा.

आणि याला उपाय आहे, २००८ पासून आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना सुरू केली. बँकेत खातं नसलेला माणूसही आपली ओळख दाखवून एका वेळी पन्नास हजारांपर्यंत रोख भरू शकतो. रक्कम स्टेट बँकेमार्फत नेपाळात पोचते आणि तिथे नेपाळी रुपयांत मिळते. दर ठरलेला आहे, भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे. तो १९९३ पासून बदललेला नाही, त्यामुळे भावात फसवायला कोणाला वाव नाही. योजना चांगली आहे, स्वस्त आहे. पण ती खलाशाला माहीत नसते आणि काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक असेलच असं नाही. विचारायला गेलेल्याला ‘आधार आहे का’ हा एकच प्रश्न आणि नसल्यास दार. मग संध्याकाळी बाजारातल्या एखाद्या एजंटच्या दुकानापुढे रांग लागते.

पोरांच्या शाळेचं तर दोन्हीकडे जमत नाही. बागेतल्या कुटुंबांबरोबर मुलं असतात. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू देत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी-बाई या मुलांना बहुतेक वेळा आनंदाने बसवूनही घेतात. वाड्यांतल्या शाळांचा पट इतका खाली आला आहे की चार मुलं आली तर वर्गाला वर्गपण येतं. अडचण पुढेच आहे. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत मूल धरायचं तर आधार जुळावं लागतं. या मुलांचं आधार नाही, म्हणजे ती वर्गात आहेत आणि पटाच्या हिशेबात नाहीत. शिवाय आपली शाळा जूनमध्ये उघडते, हे मूल येतं डिसेंबरात. नेपाळात नवं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा ते इथे आंब्याच्या बागेत असतं. दोन देशांच्या दोन वेळापत्रकांच्या फटीत हे मूल दरसाल पडतं. मराठी कविता पाठ म्हणणारी, शुद्ध ‘ळ’ उच्चारणारी अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा पहिलीतच.

दुखण्याखुपण्यात दोराला हात सापडणं, बोटं चेपणं, कलमावरून पडणं हे नेहमीचं. सरकारी रुग्णालय उपचार नाकारत नाही. पण शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोणाची? ‘नातेवाईक’ या रकान्यात तांडेल सही करतो. सरकारी आरोग्य योजनेतून खर्च भागवायचा तर शिधापत्रिका लागते, ती नाही. माणूस गेला तर आणखी वेगळं. शवविच्छेदन, पोलिसांचा पंचनामा, आणि मग प्रश्न, नेणार कसं? दिल्लीच्या बाराखंबा रोडवर नेपाळचा दूतावास आहे. रत्नागिरीहून तिथे फोन लागून कागद हलेपर्यंत देह ठेवायचा कुठे? बहुतेक वेळा इथल्याच स्मशानात अग्नी देतात आणि गावचा सोबती अस्थी घेऊन जातो. फोनवर व्हिडिओ लावून गावच्या आईबापांना शेवटचं दर्शन घडवतात. दूर देशी नोकरीला जाताना नेपाळ सरकारची श्रमस्वीकृती घेतलेला माणूस कतारमध्ये वारला तर त्याच्या कुटुंबाला तिथल्या कल्याण निधीतून मदत मिळते. भारतात यायला ती स्वीकृती लागतच नाही, म्हणून रत्नागिरीत वारलेल्याला तो निधी नाही. मोकळ्या सरहद्दीची ही किंमत आहे.

हे सगळं कोकणी माणसाला कुणी समजावून सांगायला हवं का? याच मिरकरवाड्यात, राजिवड्यात, खाडीकाठच्या कितीतरी मोहल्ल्यांत आणि वाड्यांत घराआड एक माणूस आखातात आहे किंवा जाऊन आला आहे. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नसेल तर सौदीत रस्त्यावर पाय टाकता येत नाही आणि कुवेतमध्ये सिव्हिल आयडीवाचून साधं सिमकार्डही निघत नाही, हे इथल्या बायाबापड्यांनाही माहीत आहे. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, पासपोर्ट कपाटात ठेवून घेतला म्हणून बापाच्या मातीला पोचू न शकलेला मुलगा अशा घरांनी पाहिला आहे. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून बऱ्याच परदेशी कामगारांना मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाऊन येण्याची मुभा दिली, तेव्हा ती बातमी रत्नागिरीत घराघरांत वाचली गेली. त्याआधी दोन पिढ्या हा जिल्हा गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरची वाट पाहत जगला. पैसे उशिरा आले म्हणजे घरात काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आखातात पंधरा-वीस वर्षं काढून आलेल्या एका बोटमालकाची वही मला पाहायला मिळाली. तो प्रत्येक खलाशाला त्याच्या पानाची नक्कल देतो, दर महिन्याला, सहीसकट, आणि नागरिकतेची छायाप्रत घेऊन मूळ कागद त्याच क्षणी परत करतो. यात त्याला काही मोठेपणा वाटत नाही. कफीलच्या कपाटासमोर तो स्वतः उभा राहिलेला आहे. त्याच्याकडे गडी वर्षानुवर्षं तेच येतात, आणि येताना भाऊ-मेहुण्यांना आणतात.

पण हे त्या एका माणसाच्या चांगुलपणावर कशाला सोडायचं? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर पहारा वाढला, बोटीवरच्या माणसांची नावं सागरी पोलिसांकडे द्यावी लागतात. बागेतल्या गड्यांची माहितीही पोलीस मागतात. म्हणजे यादी होतेच आहे. ती फक्त संशयासाठी होते. चोरी झाली, भांडण झालं की ती काढायची. त्याच यादीवरून त्या माणसाला स्वतःच्या नावाचं काही देता येईल, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते आणि त्याच सुमाराला खलाशी गाड्या भरून उतरतात. त्या आठवड्यात मिरकरवाड्यात एक टेबल लागलं पाहिजे. मत्स्यव्यवसाय खात्याचा एक माणूस, बँकेचा एक, आधारचं यंत्र, आणि नेपाळी बोलणारा, संवताचा तक्ता जवळ असलेला एक दुभाषा. असा दुभाषा रत्नागिरीत सहज मिळेल, वीस-वीस वर्षं इथे काढलेले नेपाळी लोक आहेत. डिसेंबरात हेच टेबल पावस, गणपतीपुळे भागातल्या बागायतदारांच्या गावांत फिरवावं. नाव नागरिकतेवर आहे तसंच लिहायचं, पूर्ण, आडनावासकट. तारीख एकदाच बदलून घ्यायची आणि तीच सगळीकडे टाकायची. त्याच्या नेपाळातल्या गावच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून घ्यायचा, मालकाचा नंबर आहे तेवढ्यावर थांबायचं नाही. पैसे पाठवायचा अर्ज तिथेच भरून दाखवायचा. मुलं असतील तर त्यांची नावं जवळच्या शाळेला त्याच दिवशी कळवायची. वहीच्या पानाची नक्कल गड्याकडे राहील, अशी अट बागायतदारांच्या आणि मच्छीमारांच्या सोसायट्यांनी आपणहून सभासदांना घालावी.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. ठराव लागेल, दोन खुर्च्या लागतील आणि जेटीवर सावलीची जागा.